पावसाळ्याचं जळण विकत घेताना : कोकणातल्या घरात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

कोकणात थंडीसाठी घर तापवावं लागत नाही. तरी पावसाळ्याचे चार महिने घरात विस्तव लागतोच. न्हाणीतल्या चुलाण्यावर आंघोळीचं पाणी तापतं, चुलीवर पेज आणि भाकऱ्या होतात, वर वलणीवर चार दिवस न वाळलेले कपडे वाळतात आणि त्याच उबेने भिंतींची ओलही मागे हटते. शहरातून गावच्या घरात कायमचे राहायला आलेले लोक छप्पर, पंप, इन्व्हर्टर सगळं वेळेवर बघून घेतात, पण जळण आठवतं जूनमध्ये. तेव्हा मिळतं ते ओलं असतं. पैसे लाकडाचे मोजले जातात आणि घरात पाणी येऊन पडतं.

म्हणून एक गोष्ट पहिल्यापासून धरून ठेवा. लाकूड कुठल्या झाडाचं आहे, यापेक्षा ते किती सुकलेलं आहे हे महत्त्वाचं. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. ते पाणी उकळून वाफ होऊन जाईपर्यंत विस्तवाची उष्णता त्यातच खर्च होते. नीट सुकलेलं एक किलो लाकूड साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी उष्णता देतं; तेच निम्मं ओलं असेल तर दोन हजारांच्या आसपास. वर धूर होतो आणि भांड्यांवर व चुलीच्या वरच्या वाशांवर काजळी चिकटते.

जवळ काय असावं

मापाची टेप, ५-१० किलोचा ताणकाटा, एक धारदार कोयता, लाकडाची ओल मोजणारा दोन सुयांचा मीटर (ऑनलाइन सहज मिळतो), जाड हातमोजे, पायात बूट, ताडपत्री आणि जांभ्याचे दहा-बारा जुने चिरे. मीटर नसला तरी चालतं, त्याची सोय पुढे सांगितली आहे. हातमोज्यांशिवाय मात्र ढिगात हात घालू नका.

१. आधी चूल मोजा

बरेच लोक आधी लाकूड आणतात आणि मग ते बंबात जात नाही म्हणून पुन्हा तोडत बसतात. चुलीला दीड ते दोन फूट लांब आणि दोन-तीन इंच जाड फोडलेलं लाकूड सोयीचं. न्हाणीतल्या चुलाण्याचं तोंड मोठं असतं, तिथे जाड ओंडकाही चालतो. तांब्याच्या बंबाची नळी अरुंद असल्यामुळे त्याला अर्धा-पाऊण फुटाचे अंगठ्याएवढे तुकडे आणि करवंट्याच लागतात. तिन्हीची तोंडं टेपने मोजा, कागदावर लिहा आणि विकणाऱ्याला तीच लांबी सांगा.

२. किती लागेल, याचा हिशेब

चार माणसांच्या आंघोळीला ऐंशी लिटर कोमट पाणी धरा. साध्या चुलाण्यात विस्तवाच्या उष्णतेपैकी जेमतेम १०-१५ टक्के पाण्याला लागते, बाकीची हवेत जाते. त्या हिशेबाने दिवसाला दोन ते अडीच किलो सुकं लाकूड पुरतं. एक वेळचा स्वयंपाक चुलीवर असेल तर आणखी तीन किलो. जून ते सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस.

नुसती आंघोळ : सुमारे ३०० किलो.
आंघोळ आणि एक वेळ चूल : सुमारे ६७० किलो.

यात गणपतीचे दिवस धरलेले नाहीत. घरात पंधरा-वीस माणसं असतील तेव्हा पाच-सात दिवसांतच महिन्याचं जळण उडतं. त्यासाठी शंभर किलो वेगळं धरा आणि वेगळंच रचा, नाहीतर ते ऑगस्टमध्येच संपलेलं असतं.

३. कधी घ्यायचं

तोड नोव्हेंबर ते जानेवारीत झालेली असावी आणि तुमच्या अंगणात लाकूड फेब्रुवारी-मार्चपर्यंत यावं. मनगटाएवढं फोडलेलं लाकूड कोकणातल्या उन्हात दोन ते तीन महिन्यांत वापरण्याजोगं होतं. न फोडलेला, सालीसकट ओंडका तेवढ्या दिवसांत आतून सुकत नाही. सालीतून पाणी फार हळू बाहेर पडतं. ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या बाजूंनी जातं.

शेवटची तारीख १५ मे धरा. ७ जूनला पाऊस येतो हा जुना हिशेब दर वर्षी जुळत नाही. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मेलाच तळकोकणात पोचला आणि अंगणात वाळत घातलेलं किती तरी घरांचं जळण भिजलं. वळवाच्या सरी तर त्याआधीही येतात.

उशीर झालाच असेल तर ओल्या लाकडाच्या मागे लागू नका. त्या वर्षी नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं), करवंट्या, माडाच्या झापांचे सुके दांडे आणि वखारीतली सुकी फळकुटं यांवर पावसाळा काढा.

४. कोणतं लाकूड घ्यावं

किनाऱ्यावर सगळ्यात चांगलं जळण सुरूचं. लाकूड जड असतं, निखारा टिकतो, धूर कमी. पण किनाऱ्यालगतचं सुरूबन बहुतेक ठिकाणी वनखात्याचं असतं. वाऱ्याला आडोसा म्हणून ते लावलेलं आहे आणि त्यातली फांदीसुद्धा तोडायची नाही. खाजगी लागवडीतलं सुरू मिळालं तरच घ्या.

अकेशिया म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ भरपूर मिळते, फोडायला सोपी आणि आच चांगली देते. नवख्या माणसाने पहिल्या वर्षी हीच घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. ऐन आणि किंजळ जड आणि उत्तम, पण त्यांच्या तोडीला परवानगी लागते, त्याचं पुढे येतंच. बांधावरचं गिरिपुष्प बारीक असतं, लवकर सुकतं, चुलीला झकास.

आंबा आणि काजू बागांच्या छाटणीतून मिळतात आणि स्वस्त पडतात. आंबा नीट सुकवला तर चांगला जळतो, अर्धवट ओला असेल तर डोळ्यांतून पाणी काढतो. काजूची फांदी चालते. काजूची टरफलं मात्र घरच्या चुलीत घालू नका. कारखान्याबाहेर ती फुकटात किंवा नाममात्र भावात मिळतात आणि भडकून पेटतात म्हणून मोह होतो, पण त्यांच्यातलं तेल दाहक असतं. धुराने घसा आणि डोळे चुरचुरतात, हाताची साल जाते.

सावर, पांगारा, शेवगा, सातवीण ही हलकी लाकडं. पेटवणाला ठीक, पण टेम्पोभर घ्यायची नाहीत. भसाभस जळतात आणि निखारा धरत नाहीत.

माडाचा माल वेगळाच. सोडणं सावकाश धुमसतात, करवंट्यांची आच कडक असते, झापांचे दांडे पेटवणाला उत्तम. घरात चार माड असतील तर जळणाचा चौथा हिस्सा तिथूनच निघतो, तेवढं लाकूड कमी घ्या.

५. कोणतं घ्यायचं नाही

बिब्बा. कापताना चीक अंगाला लागला तरी उततो आणि धुरानेही तोंड-डोळे सुजतात. मिसळ लाकडाच्या मोळीत बिब्ब्याची फांदी कुणाच्या लक्षात न येता येऊ शकते. कापल्यावर काळा पडणारा चीक आणि सालीवरचे काळे डाग दिसले की तो तुकडा काठीने बाजूला करा.

खाडीकाठचं तिवर, चिप्पी, गेवा आणि कांदळवनातलं बाकी कुठलंही लाकूड. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांची तोड थांबवली आणि २०१८ च्या निकालात ती बंदी कायम केली. शिवाय गेव्याचा चीक डोळ्यांत गेला तर काही काळ दिसेनासं होतं.

समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेलं लाकूड. दिसायला कोरडं, पांढरं आणि फुकट. त्यात मुरलेलं मीठ जळताना क्लोरीनचे घातक संयुग तयार करतं आणि बंबाचं तांबं, चुलाण्याचा पत्रा खातं. एक-दोन पावसाळे भिजल्याने मीठ निघून जातं यावर विसंबू नका.

जुन्या होड्यांच्या फळ्या, रंगवलेल्या खिडक्या-दारं, प्लायवूड. होडीच्या तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावलेल्या रंगात तांब्याची विषारी संयुगं असतात, प्लायवूडमध्ये रसायनाचा डिंक. ज्या विस्तवावर अन्न शिजतं त्यात हे जाता कामा नये. रंग न लावलेली जुनी सागवानी फळी चालेल.

देवराईतलं लाकूड. अनेक गावांत तिथली वाळून पडलेली काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. विकणारा बाहेरगावचा असेल आणि माल कुठला ते नीट सांगत नसेल तर घेऊ नका. गावात नव्याने राहायचं आहे, सुरुवात अशी होऊ नये.

६. सुकं आहे की नाही, हे ओळखायचं कसं

विकणारा प्रत्येक जण लाकूड सुकंच आहे म्हणतो, आणि तो खोटं बोलत असतोच असं नाही. तोडून चार महिने झाले म्हणजे सुकलं असं त्याला मनापासून वाटतं. ओंडके न फोडता झाडाखाली ढीग करून ठेवले असतील तर चार महिन्यांनीही आत पाणी असतं. म्हणून ढिगाच्या वरचा तुकडा बघू नका. मधले आणि तळचे पाच-सहा तुकडे काढा आणि क्रमाने हे करा.

टोक बघा. सुकलेल्या लाकडाच्या कापलेल्या टोकाला मध्यापासून बाहेर जाणाऱ्या भेगा पडतात आणि रंग मळकट होतो. पण भेगा नुसत्या टोकाच्याही असतात, त्यामुळे ही खूण एकटी पुरेशी नाही.

दोन तुकडे एकमेकांवर आपटा. सुकं ठणठणीत वाजतं, ओलं धप्प करतं.

साल ओढा. सुकलेल्याची साल सैल होते, बरेचदा हाताने निघते.

आता एक जाडसर तुकडा तिथेच फोडायला सांगा. ही खरी परीक्षा. फोडलेली ताजी बाजू गालाला लावा. थंड आणि दमट लागली तर ओलं. ताज्या चिकाचा आंबूस वास आला तरी ओलंच. फोडून द्यायला विकणारा तयार नसेल तर दुसरीकडे जा.

मीटर वापरायचा तो याच ताज्या फोडलेल्या बाजूवर, मधोमध, दोन्ही सुया रेषांच्या दिशेने रोवून. टोकाला किंवा सालीवर लावला तर आकडा खोटा सुकेपणा दाखवतो. २० किंवा खाली आला तर लाकूड तयार आहे. २० ते २५ म्हणजे महिनाभर ऊन दिलं की होईल. ३० च्या वर असेल तर ओलं म्हणा आणि आकड्याच्या खोलात जाऊ नका, कारण त्यापुढे हे मीटर अचूक राहत नाहीत.

मीटर नसेल तर विकणाऱ्याकडून एक तुकडा मागून आणा. त्याच्या मधल्या भागाच्या ढलप्या काढून ५०० ग्रॅम वजन करा. ओव्हनमध्ये १०० अंशांवर, किंवा लोखंडी तव्यावर मंद आचेवर जळू न देता, वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा. ४०० ग्रॅम उरलं तर १०० ग्रॅम पाणी होतं, म्हणजे एकूण वजनाच्या २० टक्के. मीटर हाच हिशेब सुक्या लाकडावर करतो, म्हणून तो इथे २५ दाखवेल. दोन आकडे वेगळे दिसले म्हणून गोंधळू नका.

हलकं म्हणजे सुकं, असंही नाही. फार हलका, नखाने दबणारा, आतून पिवळी भुकटी सांडणारा तुकडा कुजलेला किंवा भुंग्याने पोखरलेला असतो. त्यातली उष्णता गेलेली असते आणि भुंगा मात्र तुमच्या वाशांपर्यंत येतो.

७. माप आणि भाव

जळण मोळीवर, टेम्पोवर किंवा वजनावर विकतात. प्रत्येकात फसायला जागा आहे.

टेम्पोच्या भावात "भरून" म्हणजे किती, हे आधी ठरवा. फेकून भरलेलं लाकूड उंच दिसतं. तेच अंगणात नीट रचलं की ढीग साधारण पाऊणपट किंवा त्याहून कमी भरतो. वाकड्या फांद्या असतील तर आणखी कमी. म्हणून सौदा करताना रचून लांबी, रुंदी आणि उंची किती भरली पाहिजे ते बोलून घ्या. छोट्या हत्तीत सुमारे पाऊण टन माल येतो, म्हणजे आंघोळ आणि एक वेळ चूल असलेल्या घराला एक खेप पुरते.

वजनावर घ्यायचं असेल तर वजनकाट्याच्या दोन पावत्या मागा, भरलेल्या गाडीची आणि रिकाम्या गाडीची. दोन्ही वेळा गाडीत माणसं तेवढीच असावीत. वजनाच्या सौद्यात ओल्या लाकडाचा फायदा विकणाऱ्याला होतो, हे लक्षात ठेवा. समजा, ४० टक्के ओल असलेलं लाकूड ५ रुपये किलो आहे आणि २० टक्क्यांचं ६ रुपये. शंभर किलोला पहिल्याचे ५०० रुपये देऊन खरं लाकूड ६० किलो मिळतं, म्हणजे किलोला ८ रुपये ३३ पैसे. दुसऱ्याचे ६०० देऊन ८० किलो, म्हणजे साडेसात रुपये. स्वस्त वाटणारं महाग पडलं, आणि सुकवायची मेहनत वेगळी.

भावात काय काय आलं, तेही विचारा. तोड, ठरलेल्या लांबीत कापणं, फोडणावळ, गाडीभाडं आणि उतरवून घेण्याची हमाली. बरेचदा पहिला भाव फक्त लाकडाचा असतो. पाखाडीवरून (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) उतरून घर असेल तर डोक्यावरून वाहण्याची मजुरी निराळी पडते.

पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. माल उतरवून, दोन-चार तुकडे फोडून बघितल्यावर बाकी द्या.

८. कागदपत्रं

वखारीतून घेतलं तर पावती पुरते. बागेतून किंवा उभं झाड तोडून घेणार असाल तर १९६४ चा महाराष्ट्राचा वृक्षतोड नियमन कायदा लागू होतो. त्याच्या अनुसूचीतल्या झाडांना वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, झाड स्वतःच्या जमिनीत असलं तरी. त्यात आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर, साग, हिरडा, मोह ही कोकणात रोज दिसणारी झाडं आहेत. झाड वाळलेलं किंवा वाऱ्याने पडलेलं असेल तर परवानगी मिळते, पण ती मागावी लागते.

जवळ ठेवायचे कागद :

विक्रीची पावती, त्यावर झाडाची जात, वजन आणि गाडीचा क्रमांक.
जिथून तोड झाली त्या जमिनीचा सातबारा उतारा.
अनुसूचीतलं झाड असेल तर तोडीच्या परवानगीची प्रत.
ज्या जातीला वाहतूक पास लागतो तिचा पास. तो विकणाऱ्याच्या नावे असतो, फोटो काढून घ्या. कोणत्या जातीला लागतो, ते परिक्षेत्र वन अधिकाऱ्याच्या कार्यालयात सौद्याच्या आधी विचारा.

कोकणातली सगळ्यात मोठी अडचण सातबाऱ्यावरच असते. जमीन सामाईक, नावं वीस, त्यातली पंधरा मुंबईत. एका भावाने झाड विकलं, तुम्ही पैसे दिले, कटरवाला आला आणि दुसऱ्या भावाने तोड थांबवली, असं होतं. सातबाऱ्यावरच्या सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती नसेल तर उभ्या झाडाचा सौदा करू नका, झाड कितीही स्वस्तात मिळत असलं तरी.

९. रचणं

मार्च ते मेच्या मध्यापर्यंत लाकूड उन्हात उघडं ठेवा. खाली चिरे, त्यांवर आडवे बांबू, त्यावर लाकूड. जमिनीपासून निदान अर्धा फूट वर, नाहीतर वाळवी लागते. एक थर उभा, पुढचा आडवा, म्हणजे मधून वारा खेळतो. रात्री दंव पडत असेल तर वरून ताडपत्री, पण बाजू झाकायच्या नाहीत. चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलेलं लाकूड स्वतःच्याच वाफेत भिजतं आणि बुरशी धरतं.

१५ मेनंतर मांगरात (घराबाहेरच्या शेडमध्ये) किंवा पडवीत हलवा. पावसाची झड नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येते, म्हणून उगवतीची बाजू धरा. भिंतीपासून अर्धा फूट अंतर सोडा. जाड लाकूड मागे आणि तळाला, बारीक पुढे, गणपतीचं वेगळं, पेटवणाची सोडणं आणि करवंट्या पोत्यांत भरून उंचावर.

छपराखाली नेलं म्हणजे झालं असं नाही. हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांवर गेली की मेमध्ये मीटरवर १३-१४ दाखवणारं लाकूडही हळूहळू १८-२० पर्यंत ओल ओढून घेतं. मेमध्ये २५ वर असलेलं लाकूड मग पावसाळाभर सुकतच नाही. मेमधली ती शेवटची दोन-तीन उन्हं म्हणूनच महत्त्वाची.

१०. पावसात वापरताना

दोन-तीन दिवसांचं जळण घरात, चुलीच्या बाजूला किंवा वरच्या मांडवावर ठेवा. विस्तवाच्या उबेने शेवटची ओल जाते. ते ज्वाळेपासून निदान तीन फूट लांब असावं, आणि रात्री निजताना चुलीच्या तोंडातली अर्धवट जळलेली लाकडं बाहेर ओढून विझवा. दारं-खिडक्या लावून आत निखारे धगधगत ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला ते कळत नाही.

ढीग म्हणजे फुरसं, मण्यार आणि विंचवाला हवा तसा कोरडा आडोसा. लाकूड दिवसाउजेडी काढा, आधी काठीने ठोका, मग हातमोजा घालून वरचा तुकडा उचला. फटीत हात घालायचा नाही. ढिगाभोवती गवत वाढू देऊ नका आणि उंदरांना खायला मिळेल असं धान्य शेजारी ठेवू नका, उंदरामागोमाग साप येतो. दंश झालाच तर कापणं, चोखणं, घट्ट आवळणं यातलं काही न करता १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा. लाल विंचवाचा दंश जिवावर बेतू शकतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केल्यापासून मृत्यू खूप कमी झाले, पण ते वेळेत मिळावं लागतं. घरापासून सर्वांत जवळचं, सर्पदंशाची लस असलेलं रुग्णालय कोणतं, हे मेमध्येच विचारून त्याचा नंबर न्हाणीच्या दाराजवळ लिहून ठेवा.